पोटाची आग : झाडपाल्याची मदत किती, मर्यादा किती?

महिन्यातून एका रविवारी आम्ही काही जणी मनमाडच्या एखाद्या वस्तीत जाऊन बसतो. कधी विहाराच्या ओसरीवर, कधी कुणाच्या अंगणात. सोबत रक्तदाब मोजायचे यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या, वजनकाटा आणि एक वही असते. आमच्यातल्या दोघी पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या. बाकीच्या आशाताई आणि वस्तीतल्या शिकलेल्या मुली. ती वही चाळली की एक तक्रार जवळजवळ प्रत्येक पानावर सापडते. रेल्वेत रात्रपाळी करणारा असो, धान्याच्या गोदामात पोती वाहणारा हमाल असो, नाहीतर कांद्याच्या खळ्यावर दिवसभर उकिडवी बसणारी बाई असो, उत्तर एकच : "बाकी काही नाही सिस्टर, थोडं पित्त आहे."

हे "थोडं पित्त" कधीकधी किती महागात पडते, ते आम्ही एका मावशींकडून शिकलो.

जयंतीच्या आधीचा रविवार होता. कांदा निवडायचे काम करणाऱ्या या मावशी चक्कर येते म्हणून दाखवायला आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी दोन वस्तू काढून समोर ठेवल्या. एक गोळ्यांचे अर्धे पाकीट आणि एक कागदाची पुडी. गोळ्या गुडघेदुखीच्या, दुकानातून सुट्या आणलेल्या. पुडीत ज्येष्ठमधाचे चूर्ण, शेजारणीने दिलेले.

"गोळी कधी घेता, मावशी?"

"सकाळी एक, रात्री एक. कोऱ्या चहासंगं. पोटात आग पडली की चूर्ण घेते. लगेच थंड वाटतं."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

शौचाला कशी होते, असे विचारल्यावर त्यांनी आधी आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "काळी होते. चूर्णाचा रंग असंल म्हटलं."

चूर्ण पिवळे होते. आमच्यातल्या एकीने मावशींची खालची पापणी ओढून पाहिली, ती आतून पांढरी पडलेली. त्याच दुपारी त्यांना रुग्णालयात नेले. अंगातले रक्त निम्म्यावर आले होते. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. पुढे दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा जठराच्या खालच्या टोकाला व्रण दिसला. आपण ज्याला अल्सर म्हणतो तो हाच. कित्येक आठवडे त्यातून थोडे थोडे रक्त गळत होते. जठरातल्या आम्लाने ते रक्त काळे पडते, म्हणून शौच डांबरासारखी होत होती.

मावशी वाचल्या. पण त्यांचे एक वाक्य आमच्या मनातून जात नाही : "चूर्णानं बरं वाटत होतं, म्हणून तर कुणाला सांगितलं नाही."

पोटासाठी झाडपाला घ्यावा की नाही, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. त्याचे "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. वनस्पतींचा उपयोग आहे, त्यावर खरे संशोधनही झाले आहे. पण कशासाठी, किती आणि कुठे थांबायचे हे कळले नाही, तर बरे वाटणे हाच धोका होऊन बसतो.

दोष ठेच्याचा नाही

आधी पोटात काय घडते ते पाहू. अन्न पचवण्यासाठी जठर तीव्र आम्ल तयार करते. त्या आम्लाने जठराची भिंत जळू नये म्हणून आतून एक बुळबुळीत अस्तर असते. हे अस्तर शाबूत असेपर्यंत काही होत नाही. ते पातळ झाले की आधी सूज येते, जळजळ होते आणि पुढे भिंतीला खड्डा पडतो. तोच व्रण.

अस्तर पातळ का होते? अनेक वर्षे जगभरचे डॉक्टर तिखट खाणे आणि काळजी करणे यांनाच दोष देत होते. आपल्या लोकांना तर हे जास्तच ऐकावे लागते. या मावशींनाही पूर्वी एका दवाखान्यात "तुमच्या लोकांचं खाणंच तिखट, त्याला औषध काय देणार" असे सांगून परत पाठवले होते. त्या घरी आल्या आणि ठेचा बंद केला. गोळी मात्र चालूच राहिली, कारण गोळीबद्दल कुणी विचारलेच नव्हते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, बहुतेक व्रणांच्या मुळाशी जठरात राहणारा एक जंतू असतो. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोक विश्वास ठेवीनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतः प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही त्यातली नेहमीची नावे. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य असते. ते सांध्यात वेदना निर्माण करते आणि जठरात मात्र अस्तराची राखण करते. गोळी ते दोन्हीकडे कमी करते. गुडघा शांत होतो आणि पोट उघडे पडते. गोळी जेवून घेतली म्हणजे धोका संपला, हाही गैरसमज आहे. ती रक्तातून जठरापर्यंत पोचते, त्यामुळे पोट भरलेले असले तरी धोका उरतोच. त्यात विडी-सिगारेटमुळे व्रण भरायला वेळ लागतो आणि दारूने अस्तर आणखी सोलवटते.

जंतूबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून किंवा दूषित पाण्यातून पोटात शिरतो. एका खोलीत सहा-सात माणसे, शौचालय दूर, पाणी साठवलेले, अशा ठिकाणी तो सहज पसरतो. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणे म्हणजे काय, हे मनमाडकरांना सांगायला नको. पिंपात साठवलेल्या पाण्यात तोच तांब्या, तोच हात बुडतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो. त्यातल्या बहुतेकांना त्रास होत नाही, पण काहींना व्रण होतो. म्हणून पोटाचा आजार हा फक्त जिभेच्या चोचल्यांचा नाही. पाणी, घर आणि अंगमेहनत यांचाही तो आहे.

ज्येष्ठमध : खरा गुण, खरा धोका

पोटाच्या वनस्पतींमध्ये ज्येष्ठमधाचे नाव सर्वांत आधी निघते, आणि ते उगाच नाही. १९४६ मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांच्या लक्षात आले की, ज्येष्ठमधाचा अर्क घेणाऱ्या रुग्णांचे जठरातले व्रण भरून येत आहेत. पुढे त्यातल्या द्रव्यापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झाले आणि १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये व्रणासाठी वापरले गेले. ते अस्तर दाट करायला मदत करत असे. म्हणजे आपल्या आजीचे म्हणणे खोटे नव्हते.

पण रेव्हर्स यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. अर्क घेणाऱ्या काही रुग्णांच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येत होती. ज्येष्ठमधातले तेच द्रव्य अंगात मीठ-पाणी साठवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम कमी करते. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचे ठोके बिघडतात. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडले.

हे आम्ही आमच्या वहीतही पाहिले आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका रक्तदाबाची गोळी न चुकता घेत, तरी आकडा खाली येत नव्हता. पायावर सूज होती. बोलता बोलता त्यांनी खिशातून ज्येष्ठमधाची कांडी काढली. घसा आणि पोट दोन्हीला चांगली म्हणून ते ती रोज दिवसभर चघळत. डॉक्टरांना सांगून कांडी बंद केली. दोन महिन्यांनी सूज उतरली होती आणि आकडाही खाली आला होता.

म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ज्येष्ठमध घेऊ नये. इतरांनीही वैद्य किंवा डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस घ्यावे. विकत घेतानाही सावध राहावे. गुंजेच्या वेलाची गोडसर मुळी ज्येष्ठमध म्हणून खपवली जाते आणि गुंजेचे बी तर विषारी असते.

शतावरी, हळद, आवळा, केळी

शतावरीची वेल आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर उगवते. तिच्या मुळ्यांचे चूर्ण आम्लपित्तावर देण्याची जुनी पद्धत आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९० मध्ये मोजक्या निरोगी स्वयंसेवकांवर शतावरीची चाचणी प्रसिद्ध केली. शतावरीने जठर लवकर रिकामे होते आणि तो परिणाम मेटोक्लोप्रमाइड या नेहमीच्या औषधाच्या जवळपास जातो, असे त्यात दिसले. जेवल्यावर पोट गच्च वाटणे, अन्न वर येणे यात याचा उपयोग होऊ शकतो. पण त्या स्वयंसेवकांना व्रण नव्हता. त्यामुळे या चाचणीवरून शतावरीने व्रण बरा होतो असे म्हणता येत नाही.

हळदीचेही तसेच. २०२३ मध्ये थायलंडमधील डॉक्टरांनी २०६ लोकांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. पोटात दुखते, जळजळते, पण व्रण वगैरे काही सापडत नाही, असे ते रुग्ण होते. त्यांच्यात हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलने ओमेप्राझोलइतकाच आराम पडला. मात्र त्या मोजून-मापून बनवलेल्या कॅप्सूल होत्या, भाजीतली चिमूटभर हळद नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी किंवा पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी अशा कॅप्सूल मनाने घेऊ नयेत.

आवळ्याच्या गोळ्यांनी छातीतली जळजळ कमी होते, असे इराणमध्ये ६८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. आवळा स्वस्त आहे, ओळखीचा आहे. ज्यांना तो आंबटपणामुळे सोसत नाही त्यांनी हट्ट करू नये.

कच्च्या केळ्याबद्दल १९८४ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकोलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास आला. अ‍ॅस्पिरिन देऊन उंदरांच्या जठराला जखमा केल्या, तेव्हा कच्च्या, भाजीच्या केळ्याच्या अर्काने जखमा कमी झाल्या आणि अस्तर जाड झाले. पिकल्या केळ्यात हा गुण आढळला नाही. आपल्या शेजारी जळगाव जिल्हा आहे, केळ्यांना तोटा नाही. कच्च्या केळ्याची मऊ, कमी तिखट भाजी खायला हरकत नाही, ती अन्नच आहे. पण उंदरांवरच्या अभ्यासावरून माणसाचा व्रण केळ्यावर सोपवता येत नाही.

कोबीचीही एक गोष्ट सांगतो. १९४९ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर गार्नेट चेनी यांनी १३ रुग्णांना ताज्या कोबीचा रस दिला आणि व्रण भराभर भरले असे लिहिले. खूप गाजावाजा झाला. पण रस न घेणाऱ्या, बाकी सगळे सारखे असणाऱ्या दुसऱ्या गटाशी तुलना नव्हती. व्रण कधीकधी आपोआपही भरतो. मग श्रेय कोबीला द्यायचे की विश्रांतीला, हे कसे ठरवणार? कुणी "मला अमक्या काढ्याने बरे वाटले" म्हणाले की हा प्रश्न मनात आणायला हवा.

झाडाचे आहे म्हणून निर्धोक नाही

कोरफडीच्या पानातला पारदर्शक गर वेगळा आणि सालीलगतचा पिवळा, कडू चीक वेगळा. चीक पोटात गेला तर जोराचे जुलाब होतात, आणि गरोदरपणात तो टाळायलाच हवा. गुळवेल कोरोनाच्या काळात घराघरांत उकळली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद राहू द्या, पण डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर काढा लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे, एवढे शहाणपण आपण घ्यायला काय हरकत आहे?

सर्वांत मोठा धोका असतो नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांचा. बाजारात "सांधेदुखीवर रामबाण, शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत स्टेरॉइड किंवा दुखण्याच्याच गोळ्या कुटून मिसळल्याचे प्रकार देशात अनेकदा उघड झाले आहेत. म्हणजे माणूस गोळी टाळायला म्हणून चूर्ण घेतो आणि पोटात गोळीच जाते.

जीवकाची कथा आपण विहारात ऐकलेली आहे. तक्षशिलेत आचार्यांनी त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. झाडपाला विकणारे या कथेचा आधार घेऊन सांगतात, पाहा, प्रत्येक झाड औषध आहे. आम्ही ती वेगळ्या तऱ्हेने वाचतो. जीवकाने योजनभर फिरून एकेक झाड स्वतः पाहिले, तपासले आणि मगच तोंड उघडले. ते तपासणे आपणही सोडू नये, मग समोर मुळी असो की गोळी.

मग करायचे काय?

अधूनमधून जळजळ होत असेल तर वेळेवर थोडे थोडे खाणे, उपाशीपोटी चहा, तंबाखू, मशेरी बंद करणे, जेवल्यावर दोन तास आडवे न होणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. त्याच्या जोडीला ओळखीची, अन्नातली वनस्पती चालेल. दूध प्यायल्याने क्षणभर गार वाटते, पण नंतर आम्ल पुन्हा वाढते. खाण्याचा सोडा रोजचा करू नये, त्यातले मीठ रक्तदाब वाढवते.

त्रास दोन आठवड्यांच्या पुढे गेला, तर तपासणी करून घ्या. जंतू आहे का हे शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीतून, नाहीतर दुर्बिणीतून कळते. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर तसे आधी सांगा, कारण तिच्यामुळे तपासणी चुकू शकते. जंतू सापडला आणि डॉक्टरांनी औषधे दिली, तर ती बहुधा १४ दिवसांची असतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडू नका. अर्धवट सोडले की जंतू औषधाला जुमानत नाही. हा जंतू पूर्ण काढून टाकेल अशी कोणतीही मुळी आज आपल्या हातात नाही.

दुखण्याची गोळी रोज लागत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : याहून पोटाला सौम्य गोळी चालेल का? पोट सांभाळायला सोबत काही द्याल का? हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका. आणि झाडपाला काय घेता, तेही लपवू नका.

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर चूर्ण, काढा, सोडा सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा :

• डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या)
• रक्ताची किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखी उलटी
• अचानक असह्य कळ आणि लाकडासारखे कडक झालेले पोट
• चक्कर, धाप, पांढऱ्या पडलेल्या पापण्या
• छातीत दडपण, घाम, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे. हे पित्त नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो

गिळताना घास अडकत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर तेही आठवड्याच्या आत दाखवा.

पैशाअभावी कुणी थांबू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. आपल्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवायचे झाले तर चिठ्ठी मागून घ्या. एकटे जायला संकोच वाटत असेल तर आम्हाला सांगा, आमच्यातली एक सोबत येईल.

त्या मावशींची १४ दिवसांची औषधे पूर्ण झाली. नंतरच्या तपासणीत जंतू गेलेला होता. गुडघे अजून दुखतात, कारण काम तेच आहे आणि बसणेही तसेच. पण आता त्या खळ्यावर लाकडी पाटावर बसतात, आणि गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आहे. ठेचाही थोडा थोडा सुरू झाला आहे. मागच्या रविवारी त्या स्वतःहून दोन बायकांना घेऊन आल्या. आम्ही काही विचारायच्या आत त्याच त्यांना म्हणाल्या, "लाजू नका. पुडी दाखवा, पाकीट दाखवा, आणि शौच कशी होते ते पण सांगा."

तुम्हीही पुढच्या रविवारी येताना पुडी आणि पाकीट, दोन्ही घेऊन या.